दोन चुली, एक मोबाईल

खामगावात एका गॅस एजन्सीच्या काउंटरला मी बसते. माझं तोंड फटकळ. ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून रांगेत कुणी मध्ये घुसत नाही.

तर आमच्या ग्राहकांची सगळी माहिती ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरमधून उचलून क्लाउडवर न्यायची, असं वरून ठरलं. म्हणजे ती कुठल्या तरी लांबच्या मोठ्या मशीनमध्ये राहणार आणि आम्ही इथून इंटरनेटवर बघणार. नेता नेता एकाच ग्राहकाच्या दोन नोंदी सापडल्या, तर मशीन त्या जुळवून एक करणार. पुण्याचा एक पोरगा व्हिडिओवर समजावत होता, "मॅडम, आडनाव, पत्ता आणि मोबाईल जुळला, की नोंद आपोआप एक होईल. तुम्हाला काहीच करायचं नाही."

"अरे बापू, इकडं एका घरात दोन चुली राहतात," मी म्हटलं.

"असू देत की. पत्ता तर एकच ना?"

मी कपाळाला हात लावला. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार! आमच्याकडे भावाभावांचं बिनसलं, की लगेच घर वाटून घेत नाहीत, चूल वेगळी करतात. दार एक, अंगण एक, घर नंबर एक; स्वयंपाक ज्याचा त्याचा. आणि घरातला जो मोबाईल कायम चालू असतो, त्याचाच नंबर सगळे सगळीकडे लिहून देतात. हे त्या पोराला सांगेपर्यंत त्यानं "धन्यवाद" म्हणून व्हिडिओ बंदही केला.

पुढच्याच आठवड्यात एक बाई काउंटरला आली. नवरा वारलेला, पदरात एक पोरगी. आयटीआयच्या पोरांचे डबे करून घर चालवते.

"बाई, माही टाकी बुक होऊनच नाई राह्यली."

मी पाहिलं, तर तिची नोंदच नाही! तिच्या थोरल्या जावेच्या नोंदीत विरघळून गेलेली. एकाच घरात राहतात दोघी, पण चूल वेगळी झाली तेव्हापासून बोलणं बंद.

"अंगणात लाकडावर रांधून राह्यली मी," ती म्हणाली. "डब्याले उशीर होते. दोघं पोरं दुसरीकडं गेले. बाकीचे गेले तं मी पोरीले काय खाऊ घालू, सांगा बरं?"

माझं डोकं तापलं. पुण्याला फोन लावला आणि त्या पोराला असं झाडलं, की रांगेतले लोक दोन पावलं मागे सरले. आमच्या जुन्या कॉम्प्युटरमधून एकदा नाव पुसलं गेलं, की परत येत नसे; इथेही तसंच असणार, असं मला वाटलं. मी भांडायच्याच तयारीत होते. पण पोरगं शांतपणे म्हणालं, "मॅडम, इथे काही पुसलं जात नाही. दोन्ही जुन्या नोंदी आत जशाच्या तशा आहेत. वेगळ्या करता येतील. दोन्ही स्वयंपाकघरांचे फोटो टाका आणि मोबाईलवर येईल तो ओटीपी भरा."

बाप्पा! एवढं भांडण गोळा केलेलं, सगळं वाया गेलं. पण खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

ओटीपीचं सांगितलं, तसा त्या बाईचा चेहरा मात्र पडला. "नंबर देल्ला तो फोन जावेपाशी राह्यते. राहू द्या, बाई."

"काऊन राहू दे? चाल!" मी म्हटलं, आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्यासोबत निघाले.

थोरली ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. अंगणात धाकटीची चूल, वर वरणाचा गंज, म्हणजे उभं पातेलं, आणि सगळीकडे धूर. मी आधी दोन्हीकडचे फोटो काढले, मग थोरलीला सगळं समजावलं. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"माह्या टाकीचं तं काई अडलं नाई."

"हिचं अडलं ना! हिच्या पोरीच्या तोंडचा घास चालला, अन् तुम्ही ज्वारी निवडा!" मी बोलून गेले. लगेच वाटलं, आता ही मला हाकलते.

थोरलीनं ज्वारी बाजूला सारली. मग आत गेली आणि फोन घेऊन आली. "मले कोनाचा पुळका नाई आला," ती म्हणाली. "धूर येते माह्या घरात, म्हनून."

मी माझ्या फोनवर अर्ज पाठवला. तिचा फोन वाजला. मी हात पुढे केला, पण तिनं फोन मला दिला नाही. डोळ्यांजवळ धरला आणि जावेकडे बघून एकेक आकडा वाचू लागली. "तीन… आठ…" धाकटी तिच्या मागून तोच आकडा मला सांगत होती. मला दोघींचं ऐकू येत होतं. पण मी मुद्दाम धाकटीनं सांगितल्यावरच आकडा दाबत होते.

पडद्यावर दोन वेगळी नावं आली. "झालं," मी म्हटलं.

"अवो, वरन लागलं ना तुह्यं!" थोरली ओरडली आणि स्वतःच पुढे होऊन पदरानं गंज खाली उतरवला. धाकटी जागची हलली नाही. तिला रडू आवरत नव्हतं.