मंगलाचा पहिला मिक्स आणि मी दिलेले बत्तीस मार्क

मंगलाच्या पहिल्या मिक्सला मी नापास केलं होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं. तो निकाल मला मागे घ्यायचा आहे आणि ऐकायला ती नाही. म्हणून इथे लिहिते.

मंगला माझी कॉलेजची मैत्रीण. जळगावात एका खोलीत राहून आम्ही दोघींनी बी.एस्सी. केलं. पुढे मी शाळेत गणित शिकवलं, ती टेलिफोन ऑफिसात लागली.

रिटायर झाल्यावर ती डीजे शिकायला गेली.

कारण होतं. धरणगावला सासरच्या एका हळदीत तिच्या थोरल्या जाऊबाई मनसोक्त नाचल्या. डीजेवाल्यांपैकी कुणीतरी व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी तो गावभर फिरत होता.

त्यानंतर जाऊबाई कुठल्याच हळदीत नाचायला उभ्या राहिल्या नाहीत.

"बायांच्या हळदीत मशीनवर बाईच पाहिजे," मंगला म्हणाली. "कोणी नाही ना? मग मी."

दर गुरुवारी एसटीने धुळ्याला. तिथे रफिकभाऊंचं साउंड सर्व्हिसचं दुकान. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अक्का, या वयात?"

"का? मशीन काय जन्मदाखला मागतं?"

त्यांनी स्टूल पुढे केलं.

परतताना पाचच्या सुमारास धुळे स्टँडवरून मला फोन. "गाडी लागली. चहा टाक."

"अगं, तुला पोचायला दोन तास आहेत."

"मग दूध तरी आणून ठेव."

चार महिन्यांनी तिचा पहिला मिक्स माझ्या व्हॉट्सॲपवर आला. वीस मिनिटांचा. खाली मेसेज: 'ए मास्तरीण, खरं खरं सांग. गोड बोलू नको.'

मला गोड बोलता येत नाही, हे तिला कॉलेजपासून माहीत होतं.

मी दोनदा ऐकला. समोर रेघांचा कागद, हातात लाल पेन.

एका गाण्याच्या ठेक्यात दुसरं गाणं असं अलगद शिरत होतं की बसल्या जागी माझा पाय हलायला लागला.

ते मी कागदावर लिहिलं नाही. मी चुका लिहिल्या.

दर दोन गाण्यांनंतर आवाज पूर्ण बंद. अर्धं मिनिट काहीच नाही. मग पुन्हा सुरू. असं पाच वेळा.

'पाच ठिकाणी मिक्स तुटतो. शंभरपैकी बत्तीस.' कागदाचा फोटो काढून पाठवला.

लगेच फोन. चिडली की ती थेट अहिराणीवर यायची.

"ती चूक नही शे वं! मुद्दाम ठेवलंय मी ते. बायास्ले दम लागस. पदर खोचायला, घोटभर पाणी प्यायला वेळ नको?"

"ज्यांना दम लागेल त्या बसतील."

"बसलेली बाई परत उठत नाही, मास्तरीण."

"रफिकभाऊ काय म्हणाले?"

ती म्हणाली, "तेही तेच म्हणतात. गॅप पडला की पब्लिक खाली बसतं. गाणं थांबलंच नाही पाहिजे."

"झालं तर. दोन्ही परीक्षकांचं एकमत आहे."

तिने पाचही गॅप काढून टाकले.

मग धरणगावला तिच्या पुतणीची हळद आली. पुरुषमंडळींना तिने समोरच्या शाळेच्या ओट्यावर पिटाळलं. अंगणात फक्त बाया. मशीनवर मंगला, कानाला हेडफोन, नाकावर घसरलेला चष्मा.

जाऊबाई आल्या. आधी कडेला उभ्या राहिल्या. चारी बाजूंना बघून घेतलं, एकही मोबाइल वर नव्हता.

मग नाचायला उतरल्या.

माझ्या सांगण्यावरून दुरुस्त केलेला मिक्स अखंड वाजत होता. तिसऱ्या गाण्याला पन्नाशीच्या बाया बसायला लागल्या. जाऊबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या, एक हात छातीवर. सतरंजीकडे वळल्या.

मंगलाने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

आणि हाताने आवाज खाली, अगदी शून्यावर आणला.

मला वाटलं, संपलं. आता सगळ्या बसणार.

कोणी बसलं नाही. कुणीतरी जोरात हसलं. पाण्याचा तांब्या हातोहात फिरला. जाऊबाईंनी पदर कमरेला खोचला आणि ओरडल्या, "ए मंगला, लाव ना वं! झोपनी का?"

गाणं चढलं. जाऊबाई मधोमध.

असं तिने पाच वेळा केलं. पाचही वेळा त्या उठल्या.

परत येताना रिक्षात तिने विचारलं, "आता सांग. किती मार्क?"

मी म्हणाले, "आवाज जरा जास्त होता."

ती हसली. "बरं वं मास्तरीण. पुढच्या टाइमले कमी करसू."

खरं काय ते नंतर निवांत सांगू, असं मी ठरवलं होतं. तीन आठवड्यांनी सकाळी स्वयंपाकघरात ती पडली, ती उठलीच नाही.

मंगला, तुझा मिक्स बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता. गाण्यांचा हिशेब मला कळत होता, बायांचा तुला कळत होता.

अजून दर गुरुवारी पाच वाजता मी फोन जवळ ठेवून बसते. दूध आणलेलं असतं. एकदा स्टँडवरून फोन कर गं. विचार किती मार्क. मी गोडसुद्धा बोलेन.

तुला मनापासून नमस्कार, मंगला. माझ्या उशिरासाठी माफी.

मंगलाच्या घरच्यांच्या संमतीने आज सकाळी दिलेल्या वस्तूंची नोंद. त्या हळदीला आलेली यावलची रेखा आता बायांच्या हळदीत वाजवणार आहे, तिच्यासाठी:

डीजे कंट्रोलर, एक. चालू.
हेडफोन, एक. डाव्या कानाची गादी फाटलेली.
वायरी, चार.
पेन ड्राइव्ह, एक. त्यात माझ्या व्हॉट्सॲपवरून उतरवलेला पहिला मिक्स, वीस मिनिटांचा, पाचही गॅपसकट.

तपासून दिलं. रेखाला मिळालं.