मारुतीच्या तुळईवरचा नारळ

"शिडी ओढू नका काकू, पडीन ना मी," विलास वरून म्हणाला.

"पड," मी म्हटलं. "खाली मारुती हाये, मी हाये. कोणी ना कोणी झेलनच."

त्याच्या हातात विळा होता आणि माझ्या हातात त्याची शिडी. भांडण आठ दिवस जुनं होतं. विलास आमच्या मारुती मंदिराच्या कमिटीचा अध्यक्ष. खता-बियाण्याचं दुकान चालवतो, माणूस वाईट नाही. त्यानं देवळावर स्लॅब टाकला, फरशी बसवली, आता खाली सिलिंग लावून लाइट सोडायचे होते. जुन्या सागवानी तुळया एकेक करून निघाल्या. एकच राहिली, कारण तिच्याखाली मी पोतं अंथरून बसले होते. त्या तुळईला लाल फडक्यात एक नारळ बांधलेला आहे, आणि विलासला तो काढायचा होता.

त्यात पुन्हा प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी गावातल्या माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार! मी विचारलं, एका हातानं फौज्याला नारळ देतो अन् दुसऱ्या हातानं फौज्याचाच कापतो, हे कोणतं गणित? तो विळा घेऊन शिडी चढला.

नारळाचं असं आहे, फोडला की प्रसाद होतो आणि बांधून ठेवला की गोष्टी साचतात. आमच्या देवळात फार साचल्या. भांडणाचं पुढं सांगते, आधी त्यातल्या चार ऐका.

*

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, जैनथकडचं, पैनगंगेच्या अलीकडच्या काठाला. इथं माणूस फौजेत निघाला की मारुतीच्या तुळईला नारळ बांधतो. सुट्टीवर आला की घरी जाण्याआधी तो फोडतो, परत जाताना नवा बांधतो. शास्त्रात आहे का, मला ठाऊक नाही. मी शाळेत गेले नाही. खताच्या पोत्यांवरून आणि नवऱ्याच्या पत्रांवरून वाचायला शिकले. त्यात शास्त्र नव्हतं.

किसनराव आता सुभेदार म्हणून रिटायर आहेत, तेव्हा नवे शिपाई होते. पहिल्या सुट्टीत बसमधून उतरले आणि ट्रंक डोक्यावर घेऊन सरळ घरी गेले. आईनं पोराला पाहिलं आणि दार लावून घेतलं. आतून म्हणाली, आधी मारुतीकडं जा. देवळाला कुलूप, किल्लीवाला पुजारी कापसाच्या वावरात. चार तास हा ट्रंकेवर बसून राहिला.

अजून सांगतात, "वहिनी, बॉर्डर ते बसस्टँड दोन दिवस लागले. मारुती ते घर दोनशे पावलं, त्याले अर्धा दिवस."

*

हीच किसनरावांची आई. पोराचं पत्र लांबलं की देवळात यायची, काठीनं नारळ हलवायची आणि कान देऊन पाणी ऐकायची. पाणी वाजलं की पोरगा बरा. एकदा हलवला तर आत नुसता गोटा खुळखुळला. पाणी आटलं होतं. बाई तिथंच बसली. दोन दिवस अन्नाला शिवली नाही. आम्ही बायकांनी समजावलं की नारळ आहे, वाळतोच. ऐकेना.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. किसनरावांची बदली राजस्थानात झाली होती. पहिलीच ओळ होती, "आई, मी बरा आहे, पण इकडं पाणी फार कमी."

म्हातारी उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मले काय सांगतो? मले कवाचं मालूम हाये."

*

हवालदार रहीमभाईंचा नारळ त्यांची आई बांधायची. दर्ग्यात धागा आणि मारुतीला नारळ, दोन्ही. एकानं टोमणा मारला, तर म्हणाली, "एकच दरखास्त दोन दफ्तरात देल्ली तर काय बिघडते?"

रहीमभाईंची पलटण सगळी हिंदू पोरांची. एकदा बर्फात वरच्या चौकीवर होते, पंडितजी खाली आजारी. तिथं आठवड्याची आरती चुकत नाही. सगळ्यांत सीनियर कोण, तर रहीमभाई. त्यांनी सहा महिने आरती केली. का केली विचारलं तर सांगायचे, पोरांना गस्तीवर जायच्या आधी घंटा ऐकल्याशिवाय पाऊल उचलवत नव्हतं.

सुट्टीवर आले त्या शनिवारी आमच्या पुजाऱ्यानं घाईत आरतीचं एक कडवं गाळलं. मागून रहीमभाईंनी ते खड्या आवाजात म्हटलं. पुजारी वळून बघतच राहिला.

"माफ करा महाराज," रहीमभाई म्हणाले, "आमच्याकडं शॉर्टकट मंजूर नाई."

*

सत्काराचंही ऐका. मागं एका पंधरा ऑगस्टला शाळेत या तिघांना, म्हणजे किसनराव, रहीमभाई आणि आमच्या नाईकांना, खुर्च्यांवर बसवलं. आमचे नाईक म्हणजे माझे मालक. नाव मी घेत नाही, फौजेतला हुद्दाच घेते. पाहुणे पुढारी दोन तास आले नाहीत. उन्हात तिघंही ताठ. मला सहन झालं नाही. मी किसनरावांना म्हटलं, सुभेदारसाहेब, हुकूम द्या. त्यांनी दिला. तिघं रांगेत निघाले आणि मारुतीच्या पायरीवर सावलीत बसले.

पुढारी आले तर खुर्च्या रिकाम्या. शाली घेऊन त्यांना देवळात यावं लागलं. पायरीजवळ मी उभी होते. म्हटलं, चपला काढा.

सत्कार बरेच पाहिले. सत्कार करणारा अनवाणी, असा तेवढाच.

*

आता या नारळाचं.

आमच्या नाईकांचं पत्र आधी मास्तर वाचून दाखवायचे. माझ्या नवऱ्याचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून का ऐकू? म्हणून मी अक्षरं शिकले. स्वतःच्या हातानं लिहिलेलं माझं पहिलं पत्र एका ओळीचं होतं. "नारळ ठीक आहे." उत्तर आलं, "इकडं पण ठीक आहे."

मग एके दिवशी ठीक राहिलं नाही. गस्तीवर सुरुंगावर पाय पडला. दवाखान्यात पाच महिने गेले आणि उजवं पाऊल गमावून नाईक घरी आले. अख्खं गाव देवळात जमलं, डफडं वाजलं, किसनरावांनी नारळ सोडायला हात वर केला. नाईकांनी कुबडी आडवी घातली.

"थांब," म्हणाले, "मी अजून सगळा आलो नाई. एक पाऊल तिकडं ड्यूटीवर हाये. ते आलं की फोडू."

लोक हसले. मी हसले नाही. मला तो नारळ फुटायला हवा होता. माझा माणूस परत आला, हे मला दगडावर आपटून ऐकायचं होतं. वर्षभर मी त्यांच्याशी यावरून भांडले. ते दर शनिवारी देवळात जायचे, कुबडीनं नारळाला टिचकी मारायचे, वाजला की मान हलवून परत यायचे. एकदा रागानं विचारलं, मारुतीला काय मागता तरी काय? म्हणाले, मागत नाही, हजेरी देतो.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात ते गेले. तिरडी देवळापुढं थांबली. किसनरावांनी हळूच विचारलं, वहिनी, आता फोडायचा का? मी वर पाहिलं. इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते हाताशी आलं होतं.

"पाऊल आलं का?" मी विचारलं.

किसनरावांनी नारळाला सॅल्यूट केला.

*

तर विलास शिडीवर, विळा हातात. दारात किसनराव आणि रहीमभाई उभे. मी म्हटलं, सिलिंगला भोक ठेव, लाइट एक कमी लाव, पण विळा चालणार नाही. विलासचा आवाज चढत गेला आणि मध्येच फुटला.

"लाइटीचं नाई हो काकू," तो म्हणाला. "शीतल आज चालली. न फुटलेल्या नारळाखालून मी पोरीले कसा पाठवू?"

शीतल त्याची एकुलती एक. दोन वर्षं पहाटे आदिलाबादच्या रस्त्यावर धावली आणि मिलिटरी पोलिसात निवडली गेली. गावातली पहिली पोरगी. आठ दिवस हा लाइट, फरशी, शोभा सांगत होता. खरं आज बोलला.

मी शिडी सोडली नाही. तेवढ्यात शीतल स्वतःच आली. पाठीवर बॅग, मागं तिची आई, आणि पोरीच्या हातात लाल फडक्यात नवा नारळ. तिनं वर पाहिलं. नवा स्लॅब गुळगुळीत, ना कडी ना खुंटी. बापानं ही एक सोडून सगळ्या तुळया काढलेल्या.

"बाबा," ती म्हणाली, "मी कुठं बांधू?"

विलास वरून तिच्याकडं पाहत राहिला. विळा त्यानं कधी खाली केला, मला कळलं नाही. बस यायची वेळ झाली होती.

मी शिडी घट्ट धरली आणि पोरीला म्हटलं, "चढ वर, आमच्या नारळाच्या बाजूले बांध. त्याले वाट पाहाची सवय हाये."