वरची खोली आणि घरपट्टी

सरकारवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो बऱ्हाणपुरातला आमचा घरमालक होता. संस्थानं विलीन होत होती, नकाशे बदलत होते, माझ्या वडिलांच्या कचेरीत फायली नागपूरच्या की भोपाळच्या यावर रोज वाद झडत होते. या गृहस्थांना चिंता एकच, सरकार कुठलंही येवो, आपल्या घरपट्टीचा कागद खोटा ठरता कामा नये. नदीवरच्या राजघाटाकडे तोंड करून ते गच्चीवर बसत आणि तापीकडे बघत तासन् तास हरवून जात. लोकांना वाटे, ध्यान चाललंय. मग मधेच ते वडिलांना विचारत, "बाबूजी, हा नदीवरचा वारा तुमच्या खोलीत येते. तो भाड्यात धराचा का नई?" दापोऱ्याहून कुणी केळीचा घड आणून दिला, तर तो उत्पन्नात दाखवायचा की पाहुणचारात, या विचारात केळी काळी पडत.

नियम त्यांनी मला लहानपणीच पढवला होता. खोलीत भाडेकरू असला तर पट्टी जास्त, घरचं माणूस राहत असेल तर कमी, आणि खोली रिकामी असेल तर माफ. एका वर्षी पट्टी वाढली. ती भाड्यावर चढवली असती तर आम्हाला खोली सोडावी लागली असती, आणि हे त्यांना ठाऊक होतं. शेजारी म्हणाला, "लिहून टाका ना, बहीण राहते म्हणून." पण खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दोन दिवस ते नुसते नदीकडे बघत बसले.

राखीपौर्णिमेला सकाळीच अंघोळ करून, धुवट टोपी घालून ते आमच्या दारात उभे राहिले आणि आईपुढे मनगट धरलं. "बाई, मले सख्खी बहीण नई. बांधा." आईनं पाटावर बसवून राखी बांधली, तशी उठून ते थेट नगरपालिकेच्या कचेरीत गेले आणि ताठ मानेनं लिहून आले, 'खोली बहिणीच्या वापरात'.

एक तारखेला वडील भाडं घेऊन खाली गेले, तर मामा (आता ते मामाच झाले होते) दचकले. "बहिणीकडून भाडं? पाप लागंल ना मले!" चार पैशांची पट्टी वाचवायला गेले आणि अख्खं भाडं घालवून बसले. शिवाय दर भाऊबीजेला लुगडं. मामींनी कपाळाला हात लावला. मामा मात्र प्रसन्न होते, कारण कागद खरा झाला होता.

पुढे राज्यं नव्यानं आखली गेली आणि वडिलांची बदली नागपूरला झाली. निघताना मामा आईला एवढंच म्हणाले, "ताई, खोली तुझीच आहे. माहेर आहे तुझं."

येते येते म्हणताना आईचं येणं राहूनच गेलं. बऱ्याच वर्षांनी मी बऱ्हाणपूरला गेलो, तो आई गेल्याचं सांगायला. मामा गच्चीवरच होते, नजर अधू झालेली. त्यांनी ऐकलं आणि तोंड तापीकडे वळवलं. आम्ही सोडल्यापासून वरच्या खोलीत कुणी राहिलं नव्हतं, आईची पितळी समई अजून कोनाड्यात होती. मग त्यांनी बंडीच्या खिशातून घरपट्टीचा कागद काढला.

"दिसत नई रे आता. तू भर."

मी भरत गेलो. 'खोली कोणाच्या वापरात' इथं आल्यावर हात थांबला. 'रिकामी' लिहिलं की पट्टी माफ होती.

"मामा, इथं काय लिहू?"

"दरसाल लिहतो तेच."

मी लिहिलं, 'बहिणीच्या वापरात'. मामांनी बोटांनी चाचपत जागा शोधली आणि खाली सही केली.