दोन सह्यांचं पान

सर वर्गात यायच्या आधी त्यांचा वास यायचा. मोसंबीच्या सालीचा वास. तो सदऱ्याला असायचा, बोटांना असायचा, हजेरीपटालासुद्धा असायचा. जुन्या जालन्यातल्या एका रसाच्या गाड्यापाशी ते रोज स्कूटर थांबवायचे, सालपटांचं पोतं पायाशी घ्यायचे आणि कॉलेजला यायचे. गाडेवाला चिडवायचा, "सर, कभी रस भी पीते जाव." सर गंभीरपणे सांगायचे, रसात काही नाही, माल सालीत आहे. कॉलेजात त्यांचं नाव सालपट सर पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

सालीतून ते वाफेवर तेल काढायचे. त्या तेलात लिमोनिन असतं. ते अल्कीन आहे, म्हणजे त्यात कार्बनच्या काही जोड्यांमध्ये एकाऐवजी दोन बंध असतात. त्या जागी ऑक्सिजन जोडता आला की पुढे रंग, डिंक, प्लास्टिक असं बरंच काही करता येतं. पुस्तकातल्या जुन्या पद्धतीने केलं तर मालाबरोबर आम्लाचा आणि द्रावकाचा ढीगभर कचरा उरतो. सर त्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचे, आणि उत्प्रेरक म्हणून टंगस्टनची भुकटी. काम झालं की भुकटी गाळून परत वापरायची. मागे उरतं ते पाणी. बारा वर्षं ते या एका गोष्टीमागे होते.

आमच्या लॅबच्या बेसिनमध्ये पाण्याशिवाय काहीही ओतलं तर ते दिवसभर बोलायचे नाहीत. कॉलेजच्या मागून नाला जायचा आणि नाल्याकाठी वस्ती होती. "बेसिनच्या खाली कोणाचं तरी घर असतं, माय," एवढंच म्हणायचे. सगळ्या मुलींना ते माय म्हणत. स्वतः मंठ्याकडचे होते, शिकवताना पुस्तकी बोलत आणि बाकी वेळ आमच्यासारखं.

माझे वडील मेंढ्या राखायचे. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. एकदा बाजाराला आलेले वडील मला बघायला लॅबच्या दारापर्यंत आले आणि चपला काढून बाहेरच उभे राहिले. सरांनी त्यांना आत आणून स्वतःच्या स्टुलावर बसवलं, तेलाची बाटली हुंगायला दिली. वडील म्हणाले, "ह्यो तर बागेतला वास हाये." सर म्हणाले, "तुमची लेक त्याचा माल करून राह्यली. आन कचरा न्हाई करत." वडिलांनी ते वाक्य गावात कितीतरी जणांना सांगितलं.

सरांचा एक नियम होता. प्रयोग संपला की तेल आटवायच्या आधी उरलेलं पेरॉक्साइड मारायचं आणि ते खरंच गेलं का, हे कागदावर तपासायचं. स्टार्च-आयोडाइडचा पांढरा कागद बुडवायचा. निळा झाला तर पेरॉक्साइड शिल्लक आहे, आणि ते शिल्लक असताना आटवलं तर फुटतं. तो कागद दोघांनी पाहायचा आणि वहीत दोघांनी सही करायची. "एका माणसाला जे पाहिजे तेच दिसतं," सर म्हणायचे. "दुसरा लागतो."

त्या दिवशी कागदांची डबी संपली होती. नवे कागद करायचे तर गाळणकागद भिजवून वाळवावे लागत, तासभर जायचा. माझी शेवटची एसटी साडेपाचला होती. आधीच्या तीन प्रयोगांत कागद पांढराच राहिला होता. मी वहीत लिहिलं, निळा नाही, आणि सही केली.

सर प्राचार्यांकडून घाईत आले. "पाहिलंस?"

"हो सर."

त्यांनी कागद मागितला नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच असेल. सही केली आणि म्हणाले, "जा माय, गाडी जाईन तुझी. पुढचं मी बघतो."

आवाज आला तेव्हा मी फाटकापाशी होते.

सरांनी नुसता नंबरचा चष्मा घातला होता. लॅबमधला एकमेव धड गॉगल नंतर माझ्या पिशवीत सापडला. दोन्ही डोळे गेले.

चौकशी समितीपुढे सरांनी सांगितलं की कागद स्वच्छ होता, म्हणजे दोष पद्धतीत आहे. तेलात असं काहीतरी तयार होत असलं पाहिजे जे कागदाला कळत नाही. आपली पद्धत सुरक्षित नाही, ती कोणी वापरू नये, असं त्यांनी लिहून दिलं. मी शेजारी बसले होते. माझ्यामागे दोन बहिणी शिकत होत्या. मी काही बोलले नाही. लॅबमधलं संशोधन बंद झालं. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, तीही एका कंपनीच्या तपासणी विभागात.

दर दिवाळीला मी सरांकडे जायची. ते अंगणात खुर्चीवर बसलेले असायचे आणि दरवेळी तेच विचारायचे: टंगस्टनमुळे झालं असेल का? सालीवरच्या औषधाच्या फवाऱ्यामुळे? त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मला खुणेने विषय बदलायला सांगायच्या. चौथ्या वर्षी ते खूप वाळले होते. किडन्या गेल्या होत्या. ती त्यांची शेवटची दिवाळी ठरली. मी त्या दिवसाची वही बरोबर नेली होती.

मी सांगितलं. कागद नव्हताच, असं सांगितलं.

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, आता सर मला जायला सांगतील.

"म्हणजे रिअ‍ॅक्शन बराबर होती," सर म्हणाले.

"हो सर."

"चार वर्षं मी तिला नावं ठेवून राह्यलो." "मी न्हाई मागितला कागद. तुझा चेहरा पाहून सही केल्ती. वही आणली का?"

"आणलीय."

"दोन्ही सह्या खोड. आन खाली लिही, तपासलं नव्हतं. तारीख टाक आजची. कोणाला हे काम पुढं करायचं असंन तर त्यानं खरं वाचावं."

मी वही मांडीवर घेतली. माझी सही खोडली. त्यांच्या सहीवर पेन बराच वेळ अडलं. मग तीही खोडली आणि ते सांगत होते तसं लिहिलं.

"झालं?" त्यांनी विचारलं. माझ्या दिशेने त्यांनी मान वळवली होती, पण थोडी बाजूला, जिथे मी नव्हते तिथे.

मी हो म्हटलं. या वेळी ते खरं होतं.