चाचणीच्या मुदतीवर चाललेला नकाशा

रौहा केस्किटालोला ओळखणारे म्हणायचे, ही बाई सुखाच्या दिवशीही काळजी शोधून काढते. लेक सुपिरिअरच्या काठच्या त्या काउंटीत रस्ते खात्याचे सगळे कॉम्प्युटर ती एकटी सांभाळायची, आणि रविवारी सौनामध्ये वाफ घेत बसली तरी तिचा एक कान बाहेर ठेवलेल्या फोनकडे असायचा. एवढी काळजी करणाऱ्या बाईच्या हातून एक गोष्ट मात्र राहून गेली होती.

खात्याच्या तळघरात एकच मोठा सर्व्हर होता. त्याच्या पोटात रौहाने बरीच आभासी मशिनं उभी केली होती. एक पगाराचं, एक डिझेल पंपाचं, एक बर्फ काढणाऱ्या ट्रकांचा नकाशा दाखवणारं. बाहेरून पेटी एक दिसली, तरी आतल्या प्रत्येक मशिनाला स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिचं लायसन्स लागतंच. नवं मशीन हवं असलं की रौहा शून्यापासून सुरुवात करायची नाही. एक मशीन तिने साचा म्हणून ठेवलं होतं, त्याची नक्कल काढायची आणि कामाला लावायची.

तो साचा तिने घाईत फुकट मिळणाऱ्या चाचणी-प्रतीवर बनवला होता. पुढे खात्याने रीतसर लायसन्स घेतलं. पण ते चालत्या मशिनात घालायचं तर नकाशा थोडा वेळ बंद ठेवावा लागणार. हिवाळ्यात तशी सोय नव्हती आणि उन्हाळ्यात कुणाला नकाशाची आठवण नव्हती. चाचणीची मुदत संपत आली की रौहा एक आज्ञा देऊन ती वाढवून घ्यायची. अशी वाढ मोजक्याच वेळा मिळते. शेवटची वाढही घेऊन झाली आहे, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. मुदतीची सूचना मशिनाच्या स्वतःच्या पडद्यावर यायची, आणि सर्व्हरचा पडदा मुद्दाम उघडून बघतो कोण?

जानेवारीतल्या वादळात, भर दुपारी, नकाशा काळा पडला. रौहाने मशीन पुन्हा चालू केलं. तासाभराने ते परत बंद पडलं.

"पोरी, याला तासातासाने डुलकी लागते का गं?" तळघरातच शेजारी वायरलेसवर बसणारा ग्लेन म्हणाला. "माझं एक ठीक आहे, माझं वय झालंय."

रौहाने नोंदी उघडल्या. मशिनाने स्वतःच लिहून ठेवलं होतं की लायसन्सची मुदत संपल्यामुळे ते बंद होत आहे. चाचणी संपलेली सिस्टीम असंच करते. दर तासाला स्वतःला मिटवून घेते.

मुदत फसवायला मशिनाचं घड्याळ मागे न्यावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ट्रकांकडून नकाशावर येणाऱ्या प्रत्येक ठिपक्यावर वेळेचा शिक्का असतो. घड्याळ खोटं केलं तर नकाशाही खोटं बोलणार. त्यापेक्षा काळा पडदा बरा. ती वर जाऊन अधीक्षक ट्रेगेअर यांना सांगून आली की नकाशा बंद ठेवून दुरुस्ती करावी लागेल. किती वेळ, असं त्यांनी विचारलं. तिला सांगता येईना. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरची डिझेलची टाकीसुद्धा दिसत नव्हती.

ग्लेनने वायरलेसवर सगळ्या चालकांना सांगितलं की चौक आला की त्याचं नाव सांगा. रौहाचा भाऊ आर्वो ट्रक घेऊन किनाऱ्याच्या रस्त्यावर बर्फ काढत होता. तो म्हणाला की चौक दिसला तर नक्की सांगेन.

तिने मशिनाची आहे त्या स्थितीत एक प्रत राखून ठेवली, लायसन्सचा सांकेतिक क्रमांक टाकला आणि चाचणी-प्रतीचा पक्क्या प्रतीत बदल सुरू केला. पडद्यावरचा आकडा दहा टक्क्यांवर गेला आणि तिथेच थांबला. तासाचं घड्याळ मात्र चालूच होतं. बदल अर्धवट असताना मशीन बंद पडलं तर मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून.

ग्लेनने आर्वोला हाक दिली. उत्तर नाही. थोडं थांबून पुन्हा दिली.

"खाऊन घेत असेल," ग्लेन म्हणाला. पण त्याने स्वतःच्या हातातली मांस भरलेली पॅस्टी खाली ठेवली होती.

रौहा आकड्याकडे बघत होती. हा आकडा असाच अडकलेला आपण कुठेतरी वाचलाय, एवढंच तिला आठवत होतं. मग सुचलं. छपाईची सेवा चालू असली की हा बदल रुतून बसतो. नकाशाच्या मशिनाला कधी कुणी प्रिंटर जोडला नव्हता, पण साच्यात ती सेवा होती, म्हणून इथेही होती. तिने ती बंद केली. आकडा हलला. सावकाश, पण हलला. मशीन दोनदा बंद होऊन चालू झालं, अ‍ॅक्टिव्हेशनची विनंती लायसन्स देणाऱ्या कंपनीकडे गेली आणि होकार आला.

नकाशावर एकेक ठिपका उगवला. आर्वोचाही. तो पुलाच्या अलीकडे, रस्त्याच्या किंचित बाहेर होता, आणि हलत नव्हता.

ग्लेनने जवळचा ट्रक तिकडे वळवला. आर्वोचा ट्रक खड्ड्यात कलंडला होता आणि फांदी आदळून वायरलेसच्या अँटेनाची काठी मोडली होती. ठिपका पाठवणारी डबी तेवढी शाबूत होती. आर्वोला वर ऑफिसात घेऊन आले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, पण जीभ शाबूत होती.

"काय गं, बहिणीने शोधून काढलं म्हणे मला," तो कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला. "लहानपणी लपाछपीत कधी जमलं नाही तुला."

ट्रेगेअर म्हणाले, रौहा होती म्हणून निभावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रौहाला ते ऐकवेना.

"माझ्यामुळेच बंद पडला होता नकाशा," ती म्हणाली. "लायसन्स केव्हापासून होतं आपल्याकडे. मी घातलंच नाही. आज करू, उद्या करू करत राहिले. आर्वो, तू तिथे खड्ड्यात बसला होतास तेव्हा मी आकड्याकडे बघत होते."

ट्रेगेअर यांनी चष्मा काढून पुसला आणि उद्या सकाळी माझ्याकडे ये, एवढंच म्हणाले. आर्वोने कप खाली ठेवला.

"बाकीची मशिनं?" त्याने विचारलं.

"त्याच साच्यातली."

"पंपाचं पण?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"बाई गं, सकाळी डिझेल भरायचंय आम्हाला," तो म्हणाला. "इथे काय उभी राहिलीस?"

रौहा तळघराच्या जिन्याकडे निघाली.