जवारीवर चालणारी लेथ

महांतप्पाच्या हातात कानस आली की भलेभले गप्प बसायचे. पण समोर कागद आला की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. शिक्षण निजामाच्या अमलातलं, उर्दू चौथी. मग बारा वर्षं बार्शीच्या जिनिंगमध्ये फिटर. बायको महादेवी इकडं भूमला पोरं सांभाळत, आणि हा तिकडं खोलीत भाकरी करपवत. सन एकसष्टला भूमच्या हायस्कुलात टेक्निकलचे वर्ग निघाले आणि हेडमास्तर नारायणरावांनी त्याला शिकवायला बोलावलं, तेव्हा गडी वळकटी काखेत मारून पळतच आला. पण नेमणूक कच्ची. औरंगाबादचा साहेब मुआयना म्हणजे तपासणी करून ठरवणार. साहेब नको म्हणाला की पुन्हा बार्शी.

सरकारनं लोखंड कापायची नवीकोरी लेथ पाठवली. वीज पाठवायची तेवढी राहिली. सरकारच ते, काय बोलावं! महांतप्पानं भिंतीला भोक पाडलं आणि शेजारच्या बलभीमाच्या पिठाच्या गिरणीतून पट्टा ओढून घेतला. तिकडं जातं फिरलं की इकडं लेथ फिरायची. बाया दहाला दळण आणायच्या, म्हणून लेथचा तासही दहाला. बाजारच्या दिवशी पोरं दुपारपर्यंत काम करायची. झकास चाललं होतं.

मग साहेबाचं पत्र आलं. नारायणरावांनी फळ्यावर तारीख लिहिली. तारीख सगळ्यांनी वाचली, माळ कुणी मोजली नाही. साहेब एस्टीतून उतरला ती नेमकी नवरात्रातली सातवी माळ! गावभर बायांचे उपास. गिरणीकडं चिटपाखरू फिरकेना.

"बलभीमा, इंजन तेवढं चालू कर बाबा," महांतप्पानं हात जोडले.

"दळण कुठाय?"

"दळण न्हाय. नुसतंच फिरव."

"रिकामं जातं फिरवू? घरात घट बसल्यावर? येडा झाला का काय तू!"

रिकामं जातं फिरवणं अशुभ, हे महांतप्पालाही आईनंच शिकवलेलं. नारायणरावांनी साहेबाला चहात गुंतवलं आणि महांतप्पा धापा टाकत घरी आला.

"अगं, जवारीचं पोतं काढ!"

"अहो, दिवाळीपर्यंतचं हाय ते," उपाशी महादेवी म्हणाली. "एवढं पीठ ठिवलं तर कडू व्हईल. खाणार कोण?"

"साहेब आलाय."

तिनं पदर खोचला आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.

इंजन फटफटलं. भिंतीच्या अलीकडं पोरं बोल्टाला आटे पाडायला लागली, पलीकडं महादेवी डब्या-डब्यानं जवारी ओतायला लागली. साहेब खूश! "वा, आणखी एक दाखवा," म्हणाला. मेल्याला काय जातंय म्हणायला? प्रत्येक बोल्टामागं घरची भाकरी चालली होती. महांतप्पाचा एक डोळा पोरांच्या हातावर, कान मात्र जात्याकडं. बारा बोल्ट झाले. तेरावा अर्धा झाला आणि लेथ गपकन थांबली.

"काय झालं?" साहेबानं विचारलं.

"मशीनला जरा विश्रांती देतो आम्ही," नारायणराव घाईघाईनं म्हणाले.

महांतप्पाला ते काही पेलेना. "साहेब, जवारी संपली," तो म्हणाला.

साहेब त्याच्या मागोमाग गिरणीत गेला. ढीगभर पीठ, आणि शेजारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली महादेवी, हातात रिकामा डबा. साहेबानं एकदा पट्ट्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"तुमच्याकडं सर्टिफिकेट आहे?"

"न्हाय, साहेब."

साहेबानं उभ्याउभ्याच लिहिलं, कागद नारायणरावांच्या हातात दिला आणि एस्टी गाठायला निघाला. नारायणरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. "इंधन: ज्वारी, एक पोते. शिक्षक: कायम करावा."

गिरणीत एकच हशा उठला. बलभीम तर पोट धरून खाली बसला. महांतप्पाही हसत होता, इंधनाचा रकाना महादेवीला समजावून सांगत होता. तिचं लक्षच नव्हतं.

"म्हंजे आता बार्शीला जायाचं न्हाय तुम्हाला?"

"न्हाय गं."

"कधीच न्हाय?"

"न्हाय म्हणतो ना!"

तेव्हा कुठं महादेवी त्या पिठाच्या ढिगाजवळ बसली आणि बारा वर्षांचं सगळं रडून घेतलं.