पोलीस परेडची गोष्ट

आमच्याकडे लग्नकार्य असलं की जेवणं आटोपल्यावर कोणीतरी म्हणतंच, "काका, ते पोलीस परेड सांगा न." मी आढेवेढे घेतल्यासारखं करतो आणि सुरू होतो.

गोष्ट माझ्या लग्नाआधीची. पवनीला आमचं धान-तांदळाचं दुकान. पावसाळ्यात धंदा मंद, म्हणून मुली पाहायला आम्ही पावसाळ्यातच निघायचो. ज्यांच्या घरी जायचं तिथं धानाची रोवणी, म्हणजे चिखलात उभं राहून करायची लावणी, ऐन भरात असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. बपेऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी पोहे झाले. मुलीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. उत्तरं तिच्या मामानं दिली. मग माझे मोठे काका म्हणाले, "बाई, जरा चालून दाखव वं." पायात खोट नाही ना, हे असंच पाहत. ती उठली आणि ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मान ताठ, गुडघे ताठ, ओठ घट्ट मिटलेले.

इथं मी स्वतः उठून चालून दाखवतो. माझं पोट आधी पोचतं, मी मागून. लोक हसून लोळतात. मग मोठ्या काकांचं वाक्य, "ही सून नाही रे, फौजदार हाय." याच ठिकाणी बायको दरवेळी चहा बघायला आत जाते. लाजत असेल, असं मला वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या मुलीनं आईचं नाव भंडाऱ्याच्या एका सौंदर्यस्पर्धेत दिलं. चाळिशी ओलांडलेल्या बायकांची स्पर्धा. आईनं नाही म्हटलं नाही, याचंच मला जास्त आश्चर्य. मुकुट मिळाला तर दुकानात वजनकाट्याशेजारी ठेवू, असं मी म्हणालो. पंधरा दिवस ती संध्याकाळी गच्चीवर चालायचा सराव करत होती. त्यावरही बोललोच, "तुला कशाला सराव, तुझी परेड तर पाठ आहे." ती चालत राहिली.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. मला या जगातलं काही कळत नाही. मूठभर धान तळहातावर घेऊन भाव सांगणारा माणूस मी. इथंही तेच चाललंय, फक्त दिवे जास्त आहेत, असं समजून पहिल्या रांगेत बसलो. पण मंचावरच्या बायकांना परीक्षकांशी फारसं देणंघेणं दिसत नव्हतं. एकीच्या खांद्यावरचा स्पर्धेचा पट्टा सारखा घसरत होता आणि ती खुशाल हसत तो सावरत होती. प्रत्येक बाई माईक हातात घेऊन आपलं नाव आपणच सांगत होती. हे बघायला मला भंडाऱ्यापर्यंत यावं लागलं.

मग बायको आली. मी तिला साडीवरून ओळखलं, चालीवरून नाही. सावकाश, सैल पावलं. मध्येच थांबून लोकांकडे पाहणं. जिच्या चालीवर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, तिची चाल मी पहिल्यांदाच पाहत होतो.

निवेदिकेनं विचारलं, इथं यावंसं का वाटलं?

"मले एकदा आपल्या मनानं चालून पाहाचं होतं," ती म्हणाली. "पह्यले चालून दाखवलं तवा रोवणीच्या चिखलानं पायाची बोटं कुजली होती."

सभागृह हसलं. सवयीनं मीही हसलो. बाजूला बसलेली मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती, तेव्हा माझं हसणं तोंडातच राहिलं.

तिला नंबर मिळाला नाही. परत येताना गाडीत मी विचारलं, इतक्या वर्षांत सांगितलं का नाही.

"कोणाले सांगू? लंगडली असती त पोरीत खोट हाय म्हणून उठून गेले असते तुमी."

"पण लग्नानंतर?"

"लग्नानंतर तुमची गोष्ट सुरू झाली न जी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

परवा पुतण्याचं साक्षगंध झालं. जेवणं झाली, चहा आला, आणि होणाऱ्या व्याह्यांसमोर पुन्हा फर्माईश झाली. मी उभा राहिलो नाही. बसल्या बसल्याच म्हणालो, की ती परेड नव्हती. आठ दिवस धानाच्या बांधीत, चिखलपाण्यात उभं राहून तिच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, दुखणं दिसू नये म्हणून ती तशी चालली, आणि मला ते दिसलं नाही.

मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि सगळी बैठक हसली. काकांनी यावेळी नवीनच काढलं, असं एक जण म्हणाला. मी खरं बोलतोय, हे सांगायचा मी प्रयत्न केला, तर ते आणखी हसले. दोष त्यांचा नाही. त्यांना हसायला मीच शिकवलं होतं.

मी तिच्याकडे पाहिलं. जागा रिकामी होती. मी सुरुवात केली तेव्हाच ती चहा बघायला आत गेली होती, आणि आमच्या सगळ्यांच्या हातातले कप अजून भरलेले होते.